न फुटलेल्या वाडग्याचे टाके

मित्रांनो, मी एक जुना वाडगा आहे, असे अकरा वर्षे माझ्याविषयी सांगितले गेले. दीडशे वर्षांचा, असेही म्हणत. ते ऐकून मला अभिमान वाटला नाही, लाजही वाटली नाही. खरे तर ते पहिल्यांदा सांगितले गेले तेव्हा मी नुकताच भट्टीतून निघालो होतो.

माझा जन्म फेस शहराबाहेरच्या कुंभारवस्तीत झाला. उस्ताद बुअझ्झा यांनी मला चाकावर घडवले आणि गाढवाच्या केसांच्या कुंचल्याने माझ्या पोटात निळ्या पाकळ्या काढल्या. त्यांच्या उजव्या अंगठ्याचे पेर लहानपणीच तुटले होते. झिलईत बुडवताना त्यांनी मला बुडाशी धरले, तिथे तो आखूड ठसा राहून गेला.

हाज थामी नावाचे व्यापारी उस्तादांची निम्मी भट्टी उचलत. मलाही त्यांनी नवा म्हणूनच नेले. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांनी माझे बूड वाळूच्या कागदाने घासले आणि मला दाट चहात भिजत ठेवले. मग रंगाने एक तडा रेखाटला, त्याच्या दोन्ही बाजूंना भोके पाडली आणि आठ लोखंडी टाके ठोकले. पूर्वी फुटलेली भांडी अशीच सांधत, म्हणून टाके दिसले की लोकांना वस्तू जुनी वाटते. पहिले भोक पडताना दुखले. पुढच्या पंधरांचे काही आठवत नाही.

नंतर जुना म्हणून विकला जाऊन मी रबात शहरात एका न्यायाधीशांच्या काचेच्या कपाटात होतो. वर्षातून दोनदा मला पुसत. माझ्यात कोणी काही वाढले नाही.

न्यायाधीश वारले. त्यांच्या मुलीने पारख करायला लल्ला बतूल नावाच्या बाईंना बोलावले. त्यांनी आधी मला उलटे केले. खूप वापरलेले बूड कुठे जास्त झिजते, कुठे कमी. माझ्यावरचे ओरखडे मात्र सगळे एकाच दिशेचे होते. मग त्यांनी ओल्या फडक्याने तडा पुसला. तो फडक्यावर आला. शेवटी तो आखूड ठसा त्यांना दिसला. असा अंगठा कोणत्या कुंभाराचा, हे त्यांना ठाऊक होते; त्या मला घेऊन फेसला उस्तादांकडे आल्या.

कुणकुण लागताच हाज थामीही तिथे येऊन बसले. बतूलबाईंनी मला उस्तादांपुढे ठेवून विचारले, हा तुमचा का?

"लल्ला, म्हाताऱ्याला काय विचारता?" थामी हसून म्हणाले. "सकाळी काय खाल्लं ते आठवत नाही त्याला."

"आठवतं की," उस्ताद म्हणाले. "भाकरी आणि ऑलिव्ह. तुझ्या भावात दुसरं काय परवडतं?"

थामींनी आवाज खाली आणून आठवण करून दिली, की पुढच्या महिन्याची भट्टीही त्यांच्याच मागणीवर पेटणार आहे. उस्तादांनी मला उलटे केले, ठशावर आपला अंगठा ठेवला. तो बरोबर बसला. मग टाक्यांवरून बोट फिरवत राहिले.

"माझा आहे," ते म्हणाले. "पण टाके कशाला घातलेत याला? हा फुटला कधी होता?"

थामी उठून गेले. पुढच्या महिन्यात भट्टी निम्मी रिकामीच पेटली, त्याच्या पुढच्याही. न्यायाधीशांच्या मुलीला मी नको होतो, म्हणून मी उस्तादांकडेच राहिलो. बतूलबाईंनी कागदावर लिहिले: फेस, अकरा वर्षांचा, उस्ताद बुअझ्झा यांच्या हातचा. उस्तादांचे नाव तोवर कोणी कधी लिहिले नव्हते. त्यांच्या पत्नीने, खद्दूजने, तो कागद दोनदा वाचून घेतला.

उस्तादांनी दोन टाके उपटून पाहिले. झिलई निघू लागली, तेव्हा थांबले. सहा टाके अजून अंगात आहेत. भोकांतून रस्सा गळतो, म्हणून खद्दूज माझ्यात कांदे ठेवते. मला बरे वाटते का, हे सांगता येत नाही. कांद्यांचे वजन मात्र जाणवते.

मित्रांनो, एखादे भांडे हातात घ्याल तेव्हा दोन्ही हातांनी धरा. किंमत विचारण्याआधी ते उलटे करून कोणाचा हात लागला आहे ते पाहा. आणि ते नवे असेल, तर त्याला नवेच असू द्या.