तारा नसलेलं आकाश

मित्रांनो, मी एक जुनी चित्रकथा आहे. पाठीतल्या पिना गंजल्या आहेत, एका पानाचा कान कायमचा दुमडला आहे. तरीही माझ्या पोटात अख्खं आकाश मावतं, याचं मलाच अजून नवल वाटतं.

त्या काळी टीव्हीचं चित्र काळंपांढरं असे आणि मालिकेचा भाग एकदाच दिसे. हुकला तो हुकला. म्हणून एका अंतराळ मालिकेतले गाजणारे भाग चित्रांतून पुन्हा सांगायचं ठरलं आणि माझा जन्म झाला. माझ्या गोष्टीतलं यान भरकटत इतकं दूर जातं, की परतीची वाटच सापडत नाही. कप्तानबाई खिडकीत दिवा धरून उभ्या राहतात. कुणी उत्तर देईल का?

मला काढणाऱ्या चित्रकारबाईंकडे टीव्ही नव्हता. त्यांना मिळाली फक्त संहिता आणि काही धुरकट फोटो. संहितेच्या समासात दिग्दर्शकाने ठळक लिहिलं होतं, ‘तारा दिसू देऊ नका!’

ही सूचना खरं तर यान बनवणाऱ्या कारागिरासाठी होती. स्टुडिओत त्याला सगळे डिंकोबा म्हणत, कारण त्याच्या बोटांना सदा काहीतरी चिकटलेलं असे. साबणाची डबी, चहाची गाळणी आणि दोऱ्याची रिकामी रिळं जोडून त्याने यान घडवलं होतं. ते बारीक तारांना टांगून उडवायचं होतं. बाईंना हे कुठलं ठाऊक! त्या समजल्या, आकाशात एकही तारा नको. त्यांनी ब्रश शाईत बुडवला आणि पानामागून पान काळंकुट्ट केलं.

“अहो बाई, तारे कुठे गेले? सुट्टीवर?” संपादक ओरडले.

“तुमच्याच संहितेत नको म्हटलंय,” बाई शांतपणे म्हणाल्या.

तोवर छपाई झाली होती. आता डोक्याला हात लावून काय उपयोग?

मग मुलांनी मला उघडलं. शेवटच्या पानावर त्या गच्च काळोखात सुईच्या टोकाएवढा एक ठिपका आहे. कुणीतरी दिव्याला दिव्याने उत्तर दिलेलं आहे. तिथे शाई नाहीच, तो माझा उघडा कागद आहे. तो सापडला की मुलं श्वास घ्यायची विसरत. तारे असते, तर तो त्या गर्दीत कुणाला दिसला असता?

टीव्हीवर मात्र फजिती झाली होती. प्रखर उजेडात तारा लखलखल्या. “काय डिंकोबा, यान वाळत घातलं होतं का?” लोक विचारू लागले. बिचाऱ्याला तोंड दाखवायची चोरी झाली. ही थट्टा घरातही मुरली, पार नातीपर्यंत पोचली. पुढे त्या भागाची फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम भरला. यानही अडगळीत हरवलं. उरले ती मी. डिंकोबाने मला घरी आणलं, उघडलं आणि पानं पुन्हा पुन्हा उलटली. माझ्या पानांत त्याचं यान कशालाही न टांगता उडत होतं.

नंतर मी कपाटात, स्वेटरांच्या घडीखाली पडून राहिले. डांबरगोळ्यांच्या वासात वर्षं गेली. कुणी विचारलं नाही.

परवा त्याच्या नातीने मला बाहेर काढलं.

“आजोबा, हे आकाश अर्धवटच राहिलंय. मी तारे काढते हं!”

पांढऱ्या शाईचं पेन शेवटच्या पानावर टेकणार, एवढ्यात माझा जीव गोळा झाला. एकदा ठिपके पडले की तो दिवा कायमचा हरवणार होता आणि या जगात माझ्यासारखी दुसरी प्रत आहे की नाही, देव जाणे.

“थांब गं!” डिंकोबाने तिचा हात धरला. “आधी त्यातला दिवा शोधून दाखव.”

ती वाकली. नाक कागदाला लागेपर्यंत वाकली. मग तिचा श्वास अडकला, तो मला पानावर जाणवला.

“आजोबा! तिथे कोण आहे?”

“ते मलाही ठाऊक नाही बाळा. पहिल्यांदा पाहिलं, तेव्हापासून विचार करतोय.”

तिने पेनाला टोपण लावलं. मग यानावर सावकाश बोट फिरवलं, वर, खाली, चारी बाजूंनी.

“आजोबा,” ती हळूच म्हणाली, “तार कुठेच दिसत नाही हो.”

डिंकोबाने चष्मा काढला आणि डोळे पुसले.

मित्रांनो, जुनं पुस्तक हाती आलं तर धूळ जरूर पुसा, गंजलेल्या पिना बदला. पण त्यातला काळोख भरून काढायची घाई करू नका. तिथे कुणीतरी दिवा धरून उभं असतं.