बारीक अक्षरांतली ओळ

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे. सध्या माझे तोंड भिंतीकडे आहे. ते तसे का झाले, तेच तुम्हाला सांगते.

एका बाईंनी कारखान्यातली नोकरी सोडून शाळा काढली. लोकांनी घरातली यंत्रे दुरुस्त करायला शिकावे आणि स्वतःच्या पायावर उभे राहावे, अशी ती शाळा. बंद पडलेल्या छापखान्याचा हॉल त्यांनी भाड्याने घेतला. उन्हाळा संपेपर्यंत वर्ग भरला तर ठीक, नाहीतर हॉल गोदामाला देणार, असे मालकाने आधीच बजावले होते.

मला रंगवणारा पेंटर मोठा हौशी. ‘पंखे, पंप, इस्त्री’ ही अक्षरे त्याने अशी ऐसपैस काढली, की ‘दुरुस्ती’ लिहीपर्यंत मी भरून गेले. उरलेले ‘शिकवली जाईल’ त्याने खालच्या कोपऱ्यात कसेबसे कोंबले. बाईंनी कपाळाला हात लावला.

“ज्याला वाचायचंय तो वाचतो हो,” पेंटर म्हणाला आणि ब्रश पुसत निघून गेला.

बाईंनी प्रसिद्धीत काही कसर ठेवली नाही. दारोदार पत्रके वाटली. गॅरेजवाल्यांना, पंपाच्या दुकानदारांना चहाला बोलावून, आमच्याकडे शिकलेल्यांना काम द्याल का, असे विचारले. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि चहाचे कौतुक केले. पत्रकांत पुढे काय काय बांधून नेले गेले, ते मी वरून पाहतच होते.

मग लोक आले, पण बिघडलेल्या वस्तू घेऊन. ही शाळा आहे, असे बाई सांगत राहिल्या. एक आजीबाई सुनेला घेऊन आल्या होत्या. सुनेच्या हातात इस्त्री होती. आजीबाईंनी माझ्याकडे बोट दाखवले.

“दुरुस्ती लिहिलंय ना एवढं मोठं? मग करा की.”

बाईंनी विचार केला, काम पाहून ओळखी वाढतील, मग लोक शिकायलाही येतील. त्यांनी इस्त्री उघडली. नाव झाले, पण भलतेच झाले. दारात पंखे आणि पंप साचू लागले, आतली बाके रिकामीच राहिली. माझा जीव नुसता तळमळायचा. खरे काय ते माझ्याच अंगावर लिहिलेले होते, पण ते दाखवायला मला बोट नव्हते.

ती बारीक ओळ फक्त एकीने वाचली. त्या सुनेने. माझ्याखाली उभी राहून, ओठ हलवत, तिने ती दोनदा वाचली. आत इस्त्री उघडली गेली, तेव्हा तिची नजर बाईंच्या हातावरून हलत नव्हती. “मला हे...” एवढेच ती म्हणाली.

“झाली ना इस्त्री? चल, घरी कामं पडलीत,” सासूबाई म्हणाल्या.

काही दिवसांनी ती एकटीच तीच इस्त्री घेऊन आली. आत जाण्याआधी माझ्याखाली थांबली. केसांतली पिन काढून तिने इस्त्रीच्या प्लगचा स्क्रू सैल केला आणि आतली वायर अलगद ओढून सोडवली. मी हे पाहिले. कुणाला सांगणार? त्यानंतर ती अशीच येत राहिली. दर वेळी शब्द तिच्या ओठांवर येत आणि गिऱ्हाइकांची गर्दी पाहून मागे फिरत. एकदा बाई वैतागल्या.

“अहो, सारखी हीच वायर कशी सुटते? जरा जपून वापरा.”

तिने मान खाली घातली.

उन्हाळा संपला. एकही प्रवेश झाला नव्हता. बाईंनी हत्यारे टेम्पोत भरली आणि माझ्याकडे न पाहता त्या गेल्या. मालकाने मला उलटे केले. पेंटर तोच होता. त्याने माझ्या पाठीवर ‘गोदाम’ लिहिले. या वेळी जागा भरपूर उरली.

दुसऱ्याच दिवशी ती आली; भिंतीच्या आणि माझ्या मधल्या फटीतून मला दिसली. हातात इस्त्री नव्हती, पिनही केसांतच होती. पोती उतरवणाऱ्या हमालाला तिने धीर करून विचारले, “इथे शिकवतात ना?”

“शिकवतात? छे, दुरुस्तीचं दुकान होतं ते. काय बिघडलंय तुमचं?”

“काही नाही,” ती म्हणाली आणि आल्या वाटेने परत गेली.

मित्रांनो, पाटी रंगवाल तेव्हा शेवटच्या ओळीची जागा आधी राखून ठेवा. आणि कुणी चांगली वस्तू पुन्हा पुन्हा दुरुस्तीला आणत असेल, तर तुला काय हवे आहे, असे तिला एकदा तरी विचारा. तुम्हाला तोंड आहे.