पेशंटने डोळे उघडले

भाचीचा प्रयोग साधा होता. पडद्यावर वाक्यातला एकेक शब्द यायचा; तो वाचून बटण दाबलं की पुढचा. कोणत्या क्रियापदापाशी माणूस किती घुटमळतो, हे कॉम्प्युटर मोजायचा. 'सुताराने खुर्ची प्यायली' असलं काही आलं की भलेभले अडखळायचे.

आज मावशीची पाळी होती. "शाळा सुटली तेव्हाच क्रियापदं सुटली गं माझी," असं कुरकुरत ती बसली. तीस वर्षं अतिदक्षता विभागात नर्स होती, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेली. बटण मात्र अशी झपाझप दाबत होती की भाची बघतच राहिली. खुर्ची पिणाऱ्या सुतारालाही तिने भीक घातली नाही.

मग अगदी सरळ वाक्य आलं, 'पेशंटने सकाळी डोळे उघडले.' आणि शेवटच्या शब्दावर मावशी थांबली. चांगले चार सेकंद.

"बटण अडकलं का?" भाचीने विचारलं.

"नाही गं." मावशी मान वर करून समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"मग तिकडे काय आहे?"

"घड्याळ. पेशंट शुद्धीवर आला की आधी वेळ लिहायची..." भाचीने वळून पाहिलं. भिंत कोरी होती.

भाचीला आलेलं हसू ओठांवरच विरलं. एवढ्या उशिराची नोंद प्रयोगाच्या नियमाने खोडायची असते, पण तिचा हात काही पुढे होईना. एका शब्दाने मान वर करायला लावली, तीही भिंतीवर नसलेल्या घड्याळाकडे!

"पुढचं वाक्य घेऊ?" तिने हळूच विचारलं.

"थांब जरा," मावशी म्हणाली. "आधी ह्या पेशंटचं पुढे काय झालं ते सांग."