समोरच्या घरची धार

सुऱ्यांसाठी नावाजलेल्या साकाई शहरात पातं घडवायचं लोहारानं आणि धार लावायची दुसऱ्या घरच्या माणसानं. एकमेकांच्या कामात हात घालायचा नाही, ही रीत. त्यामुळे धार लावणारे समोरचे हामाओका काका गुडघ्यांपायी काम बंद करणार म्हटल्यावर सायोच्या वडिलांनी कपाळावर हात मारला. "बुडाला आपला सुऱ्यांचा धंदा!"

"बुडू देते होय!" म्हणत सायो उठली ती थेट काकांच्या दारात. "मला शिकवा."

"लोहाराची पोर धारेच्या दगडावर? बाप घरात घेणार नाही."

"नाही घेतलं तर इथंच राहीन."

काकांनी तिच्या वडिलांनी घडवलेलं नवं पातं पुढं केलं. "डोळ्यासमोर धरून बघ."

सायो चपापली. "वाकडं आहे!"

"तीस वर्षं गुपचूप सरळ करतोय. घे हातोडी. धारेचं नंतर."