जोडावर अडखळलेली पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी पट्टी आहे. ज्या ओंडक्यातून मला कापले, त्याच्या उरलेल्या लाकडाचे म्हणे जहाज झाले. खोटे वाटत असेल तर जहाजाला विचारा.

मी राहते पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करणाऱ्या, म्हणजे त्यांत नवी तार भरणाऱ्या एका दुकानात. दुकान ताईचे आणि तिच्या धाकट्या भावाचे. ताई हाताने तांब्याची तार गुंडाळते. भावाला नाद तांब्याच्या वायद्याचा, म्हणजे पुढच्या महिन्यातल्या मालाचा सौदा आजच करण्याचा. तांब्याच्या दराचे आलेख छापून तो माझ्या कडेने रेघा ओढी आणि पुढचा दर ताडी. काय तो माझा थाट! मी कागदावर आडवी झाले की बाजारही श्वास रोखून धरी.

पण रेघा फसू लागल्या आणि खापर माझ्यावर फुटले. "पट्टीच वाकडी आहे," भाऊ म्हणाला आणि मला वार्निश ढवळायला दिले. सागवानाच्या नशिबी ढवळणे आले!

पुढे त्याची नवी प्लॅस्टिकची पट्टी सोल्डरिंगच्या तापल्या कावियाला चिकटली. मग मला पुसून पुन्हा कामावर घेतले.

"ताई, हे बघ. डावा खांदा, मधे डोकं, उजवा खांदा. आता भाव कोसळणार. तार गुंडाळायच्या मशीनसाठी साठवलेले पैसे विक्रीच्या सौद्याला लावू; आज चढ्या भावाने विकायचं, पडल्यावर स्वस्तात घेऊन द्यायचं."

"मला तर बसलेला उंट दिसतोय."

"तुला त्यातलं कळत नाही."

"नसेल. माझं मनगट मात्र मला कळतं. ते आणखी एक वर्ष टिकायचं नाही, बाबा."

भावाने मान खाली घालून मला कागदावर ठेवले. मी डुगडुगले. त्याने दाबले, मी पुन्हा डुगडुगले. मुद्दामच, शपथेवर सांगते. वैतागून त्याने कागदावर नख फिरवले, तर खाली चिकटपट्टी. संपलेल्या महिन्याच्या वायद्याचा आलेख आणि नव्या महिन्याचा, दोन्ही त्यानेच जोडले होते. नव्याचा भाव मुळातच चढा, कारण त्यात गोदामाचे भाडे आणि व्याज धरलेले. मधल्या त्या पायरीवर बाजार चढलाच नव्हता, चिकटपट्टीने त्याला चढवले होते. जोड सोडवला, तर खांदा एका कागदावर राहिला आणि डोके दुसऱ्यावर.

मग त्याने जुने फसलेले आलेख काढले. बहुतेकांना असाच जोड. काही अखंड होते, तरी फसलेले.

"आता यांचं काय?" ताईने विचारले.

त्याने एका अखंड आलेखावर बोट ठेवले. "ही आकृती माझ्यासारखी सगळ्यांनाच दिसली असणार. सगळ्यांनी आधीच विकून टाकलं. मग भाव पाडायला उरलं कोण?"

त्याने सौदा केला नाही. त्याच आठवड्यात तांबे कोसळायचे सोडून असे चढले की विकणाऱ्यांना पळता भुई थोडी झाली. आणि माझी छाती, मित्रांनो, बोटभर रुंदावली. मोजून बघा.

तेव्हा पट्टीला जपा, तिला वार्निशमध्ये बुडवू नका. ती अडखळली तर तिला बोल लावण्याआधी कागदावरून एकदा बोट फिरवा.

मशीन गेल्या सोमवारी आले. मशीनने पहिले वेटोळे गुंडाळले, तेव्हा ताईने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.