पुलावरचा बिनबंदुकीचा

“बाई, यातला एक माणूस कमी झालाय,” काचेला नाक लावून उभे असलेले म्हातारे गृहस्थ म्हणाले.

“एकही कमी नाही, काका. सहाशे बारा आहेत. दर सोमवारी मोजते मी,” फडकं मारता मारता बाई म्हणाल्या.

युद्धसंग्रहालयात सगळे त्यांना मावशी म्हणत. चौदा वर्षं त्या ही दालनं झाडत-पुसत होत्या. कुठल्या सेनापतीच्या घोड्याच्या पोटाखाली कोळिष्टकं धरतात आणि कुणाच्या पितळी मिशा लवकर काळ्या पडतात, हे त्यांना तोंडपाठ होतं. भिंतीवरच्या पाट्याही सगळ्या वाचून झाल्या होत्या. पण त्यांचं समाधान कुठलं व्हायला! “हत्ती बिथरले तेव्हा माहूत काय करत होते हो?” असं त्या अधीक्षकांना विचारत, आणि अधीक्षकांना नेमका कुणाला तरी करायचा फोन आठवे.

खरा जीव मात्र पुलाच्या लढाईच्या या देखाव्यावर. पलंगाएवढ्या जागेत नदी, लाकडी पूल, आणि पलीकडच्या शत्रूवर धावून जाणारे, बोटाच्या पेराएवढे शिपाई. सोमवारी संग्रहालय बंद असलं की मावशी काच सरकवून मऊ कुंचल्याने एकेकाची धूळ झाडत आणि झाडता झाडता “मान वर कर, शहाण्या” असं दटावतही.

“मोजून कमी नसेल,” काका म्हणाले. “पण पुलाच्या मधोमध एकजण आपल्याकडे तोंड करून होता. हातात बंदूक नव्हती त्याच्या.”

मावशींच्या हातातलं फडकं थांबलं.

“बाबा, सगळ्यांच्या पाठीच दिसतायत,” काकांबरोबर आलेली त्यांची लेक म्हणाली. “चाळीस वर्षांपूर्वी पाहिलंत तुम्ही हे. चला आता, पाय दुखतील.”

“अगं, आचारी होता तो आमच्या तुकडीचा! मी पुलाच्या अलीकडे पडलो, मांडीत गोळी घेऊन. बाकीचे पुढे गेले, त्यांना जायलाच हवं होतं. हा एकटा उलटा फिरला. मला पाठीवर टाकलं, झाडीत नेऊन ठेवलं. म्हणाला, गप पडून राहा, अजून एक ओरडतोय तिकडे. गेला तो परत आलाच नाही.”

“मग बाहेरच्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव का नाही?” लेकीने हे लहानपणापासून कितीदा विचारलं असेल कोण जाणे. चिडवायला नव्हे, तिला खरंच कळून घ्यायचं होतं.

“आचाऱ्याचं नाव कोण कोरतं? म्हणून तर आमच्या कमांडरसाहेबांनी कारागिराला सांगून त्याला इथे उभा करवला. एवढीच खूण होती त्याची.” काकांचा आवाज खाली आला. “का मीच सांगता सांगता मनाचं काही घातलं?”

मावशींना सगळं आठवत होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी तो त्यांच्या डोळ्यांत भरला होता. हातात शस्त्र नाही, शत्रूकडे पाठ. सहलीला आलेली पोरं त्याच्याकडे बोट दाखवून फिदीफिदी हसायची. मावशींना त्याची लाज वाटली आणि कीवही आली. “अख्ख्या पलटणीचं नाक कापतोस होय रे?” म्हणत त्यांनी चिमट्याने त्याला फिरवला, पायांना डिंक लावला आणि चारचौघांबरोबर पुढे धाडून दिला. हजार चौकशा करणाऱ्या बाईने एवढी एक चौकशी मात्र कुणाकडे केली नव्हती.

आता गप्प बसलं असतं तर कुणाला कळणार होतं? पण काका आपल्याच आठवणीवर संशय घेऊन निघाले होते, आणि ते मावशींना बघवेना.

“काका, तुमचं काही चुकलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “मीच फिरवला त्याला. मला वाटलं, पळतोय.”

लेक त्यांच्याकडे बघतच राहिली. काकांनी पुन्हा काचेतून पुलाकडे पाहिलं.

“पळतच होता तो,” ते म्हणाले. “माझ्याकडे.”

लोक आत असताना काच उघडायची नाही, असा नियम होता. मावशींनी कमरेची किल्ली काढली. आवाज ऐकून शेजारच्या दालनातून अधीक्षक धावत आले. “मावशी, हे काय चालवलंय?”

“थांबा जरा साहेब, चूक निस्तरतेय,” मावशी म्हणाल्या, आणि अधीक्षकांना या वेळी कुठलाच फोन आठवला नाही. ओल्या कापसाने डिंक सुटायला वेळ लागला. चौदा वर्षं मुरलेला डिंक तो. मग मावशींनी त्याला पुन्हा पुलाच्या मधोमध आणून अलगद वळवला आणि काच पुन्हा सरकवली.

लेक वाकून बघू लागली. “बाबा, आणि तुम्ही कुठे आहात यात?”

“मी नाही. कमांडरसाहेब म्हणाले, तू जिवंत आहेस, तुला पडलेला कशाला दाखवायचा? तू काचेबाहेर उभा राहत जा.”

लेक बाजूला झाली. काकांनी काठी तिच्या हातात दिली, बरोबर पुलासमोर उभे राहिले आणि गुडघे कुरकुरत असतानाही वाकून काचेला नाक लावलं. पाय दुखतील, असं लेक आता म्हणाली नाही.

संध्याकाळी मावशींनी नेहमीप्रमाणे सगळ्या काचा लखलखीत पुसल्या. पुलासमोरचा नाकाचा डाग तेवढा राहू दिला.