तातेराव मास्तरांची प्रॅक्टिकलची वही

माझे दाजी, तातेराव मास्तर, मंठ्याच्या हायस्कुलात सायन्स शिकवतेत. शिकवतेत म्हणजे काय, सगळ्या पोरांच्या वहीत रीडिंग एकसारखं यावं एवढंच बघतेत. उत्तर आधी फळ्यावर, प्रयोग मागून.

आक्काच्या छातीत सुपारीएवढी गाठ निघाली. मी वडीगोद्रीच्या दवाखान्यात नर्स. पहिल्याच दिवशी सांगितलं, औरंगाबादला न्या, काढून टाका. मास्तर हसले. त्यांनी कुठल्याशा मासिकात वाचलं व्हतं की, बुरशीचा अर्क टाकला अन् काचेच्या बशीतल्या छातीच्या कॅन्सरच्या पेशी मेल्या. झालं! बाभळीच्या खोडावरची बुरशी खरवडून आणली, अन् आक्काला रोज पेलाभर काढा सुरू.

"दाजी, बशीतल्या पेशी फिनाइल टाकलं तरी मरतेत. मंग आक्काला फिनाइल पाजता का?"

"सत्यशीला, तू नर्स हायेस. बेडपॅन बघ."

अस्सा अक्कलवान माणूस! दर रविवारी गाठ मोजायची म्हणून शाळेतलं कॅलिपर घरी आणलं. पण बायकोच्या छातीकडं बघायची ह्या शास्त्रज्ञाला लाज. आक्का पडद्याआड मोजणार, आतून आकडा सांगणार, हे बाहेर खुर्चीत बसून लिहिणार. पोरांच्या वह्या तपासू लागून लागून तिला कॅलिपर वाचता येत व्हतं.

तीन महिन्यांनी मी मंठ्याला गेले, तर मास्तरांनी वही माझ्या नाकापुढं धरली. बावीस मिलिमीटर, वीस, सतरा, चौदा. खाली पट्टीनं ओढलेला आलेख.

"दिवाळीपर्यंत शून्य. आता बोल."

मी आक्काला पडद्याआड नेलं. हात लावून बघितला. गाठ लिंबाएवढी झाल्ती. बगलेतबी एक लागली.

"आक्का, चौदा कुठून आणलंस गं?"

तिनं पदर सावरला. "पहिल्यांदा वाढली तवा खरं सांगितलं व्हतं. म्हणले, तुला नीट धरता येत न्हाई, परत घे. परत घेतलं. तरी तेच. परत घे म्हणले. मंग मी कमी सांगितलं, तर किती खूष झाले! त्यांचं उत्तर ठरलेलंच व्हतं, मी किती येळा परत घेऊ?"

मला रडू आलं अन् रागबी आला. राग आक्काचा जास्ती का दाजींचा, ते सांगता येत न्हाई.

"दाजी, वही घेऊन आत या!"

ते उंबऱ्यात थबकले, मान खाली. मी पडदा सरकावला. आक्कानं त्यांच्यासमोर कॅलिपर लावलं.

"अडतीस," ती म्हणाली.

मास्तरांनी पेनचं टोपण काढलं. पेन वहीवर टेकवलं अन् उचललं.

"परत घे," ते म्हणले.

आक्कानं कॅलिपर त्यांच्यापुढं धरलं. "आता तुम्ही घ्या."

त्यांनी हात पुढं केला न्हाई. मी तिची पिशवी भरली अन् दुपारच्या एसटीनं तिला औरंगाबादला घेऊन गेले.